डोळ्यांची आखणी

माझ्या डाव्या हातात लिंबाएवढं एक डोकं होतं आणि उजव्या हातात कोरणी. डोक्याला नाक होतं, ओठ होते, गालांना छान फुगीरपणा होता. डोळे तेवढे दिसत नव्हते. ते आत होते. काचेचे दोन बारीक डोळे महिन्याभरापूर्वी मीच खोबणीत बसवले होते आणि मग शिंपल्याच्या पांढऱ्या लेपाचे थरावर थर देऊन पार बुजवून टाकले होते. आता पापणीच्या रेषेवर तो लेप केसभर चिरायचा, कडा हलक्या हाताने तासायच्या आणि आतल्या डोळ्याला वाट करून द्यायची. जपानीत या कामाला 'मेकिरी' म्हणतात. शब्दशः, डोळे कापणं.

समोर बसलेल्या सेन्सेई, म्हणजे माझ्या गुरू, ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी मला एकच सूचना दिली होती, "दिसायला लागला की थांब." मी थांबले नाही. उजव्यापेक्षा डावा लहान वाटला म्हणून डावा वाढवला, मग उजवा कमी वाटायला लागला. शेवटी माझी बाहुली अशी दिसायला लागली, जणू पाठीमागून कुणी तिला भोक्क केलंय. सेन्सेईंनी ती हातात घेतली, खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "घाबरलीय बिचारी. झोपवून ठेवू तिला." मऊ कागदात चेहरा गुंडाळून त्यांनी ती डबीत ठेवून दिली.

तोक्योतल्या निशिकासाईला घरी परत येताना ट्रेनमध्ये मला पेण आठवत राहिलं.

पेणला आमच्या घराला लागून गणपतीचा कारखाना होता. श्रावणात पत्र्यावर पावसाच्या धारा वाजत असायच्या आणि आत शे-दीडशे मूर्ती पांढऱ्याफटक, रंगाविना, ओळीने बसलेल्या. हात लावायचा नाही या बोलीवर आम्हा पोरांना कोपऱ्यात बसायला मिळायचं. अंगाचा रंग कुणीही मारायचं, पितांबर शिकाऊ मुलं रंगवायची, पण डोळ्यांची आखणी करायचे ती फक्त काका. आखणीच्या वेळी रेडिओ बंद. ब्रश टेकवण्याआधी काका श्वास धरायचे. ते आम्हाला दिसायचं आणि आम्हीही नकळत धरायचो. रेघ ओढून झाली की सगळा कारखाना एकदम श्वास सोडायचा. आणि मघापर्यंत जी नुसती माती होती, ती आपल्याकडे बघायला लागलेली असायची.

बाहुल्यांकडे मी वळले ती त्या श्वासामुळे. तोक्योच्या उत्तरेला, साइतामा शहरात इवात्सुकी नावाचा भाग आहे. ओमियाहून तोबू रेल्वेने थोड्याच वेळात पोचता येतं. मार्चमधल्या हिनामात्सुरीच्या सणाला घराघरात मांडल्या जाणाऱ्या राजा-राणीच्या बाहुल्यांसाठी हे गाव नावाजलेलं. २०२० साली तिथे बाहुल्यांचं सार्वजनिक संग्रहालय उघडलं. निशिझावा तेकिहो नावाच्या चित्रकाराने आयुष्यभर गोळा केलेल्या बाहुल्या हा त्याचा गाभा आहे. त्याच गावातल्या एका कारखान्यात मी एका म्हाताऱ्या कारागिराला बाहुलीची भुवई रेखताना पाहिलं. केसागणिक एक रेघ, अशी भुवई. ब्रश टेकवण्याआधी त्यांनी श्वास धरला आणि मला घर सोडून इतकी वर्षं झाली ते क्षणभर विसरायला झालं.

आईला फोनवर सांगितलं की मी बाहुल्या करायला शिकतेय, तर ती म्हणाली, "अगं, बाहुल्या? लेकीसाठी का?" तिचा प्रश्न साधा होता, पण तो मनात घर करून बसला. मराठीत बाहुली म्हटलं की ती लहानच असते. ठकी, भातुकली, बाहुला-बाहुलीचं लग्न. मोठ्या माणसाला बाहुली म्हणायचं ते दुसऱ्याच्या तालावर नाचतो म्हणून. मूर्ती हा शब्द वेगळा, त्याला सोवळं आहे. शिल्प आणखी वेगळं, त्याला चौथरा आहे. जपानीतला 'निंग्यो' हा शब्द मात्र दोन अक्षरांचा, माणूस आणि आकार. तीच अक्षरं 'हितोगाता' अशी वाचली की अर्थ होतो माणसाच्या आकाराचा कागद, जो अंगावरून फिरवून आपलं दुखणं-खुपणं, पाप त्याला द्यायचं आणि नदीत सोडायचं. म्हणजे खेळणं, पूजेतली वस्तू, सणाची आरास आणि आता संग्रहालयातली कलाकृती, सगळ्यांना एकच शब्द. या एका शब्दाच्या पोटात गेल्या शंभर वर्षांत केवढी ओढाताण झाली ते मला हळूहळू कळत गेलं.

पण आधी हाताला कळलं ते सांगते.

डोकं घडतं भुशातून. किरी नावाचं फार हलकं लाकूड जपानात कपड्यांच्या कपाटांसाठी वापरतात. त्याचा भुसा चाळून घ्यायचा, त्यात गव्हाच्या सत्त्वाची खळ घालायची आणि कणकेसारखा मळायचा. याचं नाव 'तोसो'. हा गोळा साच्यात दाबता येतो, बोटांनी घडवता येतो आणि वाळला की लाकडासारखा कोरताही येतो. पहिल्यांदा मळला तेव्हा मला घरच्या उंबऱ्याशी ठेवलेल्या शाडूच्या गोळ्याचा गारवा आठवला, पण तोसो गार नसतो. तो कोमट, भुसभुशीत असतो आणि त्याला सुतारकामाचा वास येतो.

मग येतं 'गोफुन'. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगणं सोपं आहे, कारण ती कालवांची शिंपली असतात. उघड्यावर वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खात ती पडून राहतात, ठिसूळ होतात, मग दळून त्यांची वस्त्रगाळ पूड करतात. ती पूड सरसात कालवायची. सरस म्हणजे आपल्याकडे सुतार वापरत तोच, जनावरांच्या कातड्या-हाडांचा. रात्रभर पाण्यात भिजत घालायचा आणि मंद आचेवर विरघळवायचा. उकळी फुटली तर त्याची ताकद गेली. खालच्या थरांत सरस जास्त, वर जाल तसा कमी. हे उलटं झालं तर वरचा थर आक्रसताना खालच्याला ओढतो आणि गालावर बारीक तडा जातो. असा तडा लगेच दिसत नाही. आठवड्याने दिसतो, तेव्हा तुम्ही ओठ रंगवायला बसलेल्या असता.

नाकाचा शेंडा, ओठांचा उठाव, पापणीची जाडी हे सगळं घट्ट गोफुनचा थेंब थेंब ठेवून उभं करायचं आणि मग कोरणीने नेमकं करायचं. त्यावर पुन्हा पातळ हात. दहा, बारा, कधी त्याहून जास्त. शेवटी ओल्या फडक्याने घोटायचं. असा घोटलेला गोफुनचा गाल चिनी मातीसारखा चमकत नाही. चिनी माती उजेड परतवून लावते, गोफुन थोडा आत घेतं. म्हणून जपानी बाहुलीचा चेहरा सकाळी वेगळा आणि दिवेलागणीला वेगळा दिसतो. हे मी कितीदा तरी वाचलं होतं. स्वतः केलेल्या, डोळे बिघडलेल्या डोक्यावर ते पाहिलं तेव्हा मात्र मी ती डबी उघडून बराच वेळ खिडकीशी बसून राहिले.

इवात्सुकीत हे सगळं एक माणूस करत नाही. डोकं करणारे वेगळे, हात-पाय करणारे वेगळे, रेशमी धाग्याचे केस बसवणारे वेगळे, कपडे चढवणारे वेगळे. पिढ्यानपिढ्या अशीच वाटणी आहे आणि त्या वाटणीतूनच हातांना ती सफाई येते. पण म्हणूनच फार काळ बाहुलीवर कुणाचं नाव नव्हतं. सणाला लागणारी वस्तू, दुकानाच्या नावाने विकली जाणारी. एकाच माणसाने भुशापासून भुवईपर्यंत सगळं स्वतः करायचं आणि खाली आपली सही करायची, ही कल्पनाच विसाव्या शतकातली आहे. तिच्यामागे जी माणसं होती, त्यांच्यातल्या एकाच्या मी पुरती प्रेमात आहे.

हिराता गोयो. जन्म १९०३, आसाकुसा, तोक्यो. वडील 'इकी-निंग्यो' करणारे. इकी म्हणजे जिवंत. एकोणिसाव्या शतकात जत्रेच्या खेळांत माणसाएवढ्या, हुबेहूब माणसासारख्या बाहुल्या मांडत. कुमामोतोचे मात्सुमोतो किसाबुरो आणि यासुमोतो कामेहाची ही त्यातली मोठी नावं. डोळे काचेचे, केस एकेक करून रोवलेले, हाताच्या शिरा, नखांचा रंग, सगळं. लोक पैसे देऊन पाहायला येत आणि घाबरून मागे सरत. गोयो ही विद्या वडिलांकडून लहानपणी शिकले आणि वडील गेल्यावर विशीच्या सुरुवातीलाच वडिलांचं 'गोयो' हे नाव त्यांच्याकडे आलं. घराण्याचा हात त्यांच्यात पुरता उतरला होता.

मग १९२७ साल आलं. अमेरिकेने १९२४ साली जपानी लोकांच्या स्थलांतराला दार बंद केलं होतं आणि दोन्ही देशांत कडवटपणा वाढत होता. जपानात अनेक वर्षं राहिलेले सिडनी गुलिक नावाचे मिशनरी होते. त्यांच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या मुलांनी जपानी मुलांसाठी १२,०००हून अधिक बाहुल्या पाठवल्या, हिनामात्सुरीच्या सणाला पोचतील अशा बेताने. जपानने परतफेड म्हणून ५८ बाहुल्या पाठवल्या. शाळकरी मुलींनी एकेक सेन वर्गणी काढली. ऐंशी सेंटिमीटरहून थोड्या उंच, रेशमी किमोनोतल्या या बाहुल्या तोक्यो आणि क्योतोच्या उत्तमातल्या उत्तम कारागिरांनी केल्या. त्यांत तरुण गोयो होते. प्रत्येकीबरोबर छोटी कपाटं, दिवे, चहाची भांडी असा संसार दिला होता. मला ते वाचताना दुसरा शब्दच सुचला नाही, रुखवत.

युद्ध पेटल्यावर जपानातल्या त्या निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रूच्या ठरल्या. कितीतरी जाळल्या, फोडल्या गेल्या. काही शिक्षकांनी जिवावर उदार होऊन लपवल्या म्हणून आज ३००च्या आसपास उरल्या आहेत. अमेरिकेला गेलेल्या जपानी बाहुल्या संग्रहालयांच्या कपाटांत, तळघरांत विखुरल्या. गावोगावच्या दौऱ्यांत त्यांचं सामान आणि नावाच्या पाट्या एकमेकींत मिसळल्या. एका प्रांताच्या नावाने उभी असलेली बाहुली मुळात भलत्याच प्रांताची, असं पुढे कितीतरी जणींच्या बाबतीत निघालं. अलीकडच्या दशकांत त्यांतल्या बऱ्याच जणी दुरुस्तीसाठी जपानला येऊन गेल्या. तडकलेलं गोफुन भरून घ्यायला, विरलेलं रेशीम सांधायला. त्यांच्या या येण्याला जपानी लोक 'सातोगाएरी' म्हणतात. हा शब्द मी शेजारणीच्या तोंडी ऐकला होता. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली तेव्हा. सातो म्हणजे आपलं गाव, आपलं घर, आणि काएरी म्हणजे परतणं. मराठीत याला माहेरपणच म्हणायचं. दुरुस्ती होते, काही दिवस प्रदर्शनात लोक भेटायला येतात आणि मग त्या पुन्हा समुद्रापार आपापल्या घरी जातात. बाहुली ही वस्तू आहे, हे मला मान्य आहे. पण जिच्या येण्याला हा शब्द लागतो, ती नुसती वस्तू कशी राहील?

त्याच १९२७ साली जपानच्या सरकारी कलाप्रदर्शनात, तेइतेनमध्ये, हस्तकलांना पहिल्यांदा दालन मिळालं. मातीची भांडी आत गेली, लाखेचं काम गेलं, धातूकाम गेलं. बाहुली दाराबाहेर राहिली. ती बायका-मुलांची, सणापुरती, असं म्हणणारे पुष्कळ होते. पुढची नऊ वर्षं बाहुली करणाऱ्यांनी आपापल्या मंडळ्या काढल्या, आपली प्रदर्शनं भरवली. चित्रकार ताकेहिसा युमेजीने १९३० साली 'दोन्ताकुशा' नावाचा गट जमवून बाहुल्यांचं प्रदर्शन केलं. त्या गटात होरी र्‍यूजो होत्या. त्यांना कुणा घराण्याचा वारसा नव्हता. चघळलेल्या च्युइंग गमचा त्यांनी एकदा सहज चेहरा वळला आणि तिथून सगळं सुरू झालं, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. पोळ्या करताना कणकेचा पक्षी करून तव्यावर टाकणारी प्रत्येक बाई मला त्या गोष्टीत दिसते. १९३६ साली तेइतेनने अखेर बाहुल्या स्वीकारल्या. सहा जणांच्या. त्यांत गोयो होते, होरी र्‍यूजो होत्या आणि कागोशिमा जुझो होते. हे कागोशिमा तांका, म्हणजे छोट्या जपानी कविता, लिहिणारे कवी. त्यांनी कागदाचा लगदा मळून बाहुल्या केल्या आणि रंग लावण्याऐवजी रंगवलेला जपानी कागदच त्यांच्या अंगावर चिकटवत गेले. १९५५ साली गोयो आणि होरी र्‍यूजो या दोघांना सरकारने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून मानलं आणि १९६१ साली कागोशिमांना.

इतिहास इथे गोड वळणावर संपतो असं वाटतं, पण मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. मान मिळण्याच्या आगेमागे गोयोंनी काय केलं? ज्याच्या हाताला माणूस जसाच्या तसा करता येत होता, त्याने एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. आधी काचेचे डोळे गेले, त्यांच्या जागी ब्रशची एक बारीक रेघ आली. रोवलेले केस गेले. शिरा गेल्या, नखं गेली. शिवलेला किमोनोही गेला आणि त्यांनी 'किमेकोमी'ची वाट धरली. ही रीत जुनी, अठराव्या शतकात क्योतोच्या कामिगामो देवळाच्या परिसरात सुरू झालेली. लाकडी अंगावर खाचा कोरायच्या आणि कापडाची कड त्या खाचेत दाबून बसवायची. टाका नाही, शिवण नाही. कापड अंगाला असं बसतं की कुठे लाकूड संपलं आणि कुठे वस्त्र सुरू झालं ते कळत नाही. 

हे सोडणं मला फार मोठं वाटतं. न येणाऱ्याने सोडणं वेगळं. घराण्याची सगळी विद्या बोटांत असताना ती खुंटीला टांगून ठेवायची, याला केवढी छाती लागत असेल.

कानाझावाला गेले ती यासाठीच. राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय २०२० साली तोक्योहून तिथे हललं, मेइजी काळातल्या दोन जुन्या लष्करी इमारतींमध्ये. काय मांडलेलं असेल ते ऋतूप्रमाणे बदलतं. त्या दिवशी माझं नशीब चांगलं होतं. काचेमागे गोयोंची एक आई होती, लेकराला घेऊन वाकलेली. उभं राहून पाहिलं तर तिचे डोळे दिसतच नव्हते. नुसती मानेची उतरती रेघ, पाठीचा बाक आणि त्या बाकाच्या आत लेकरू. मी गुडघ्यांवर बसले. तेव्हा पापणीखालची ती रेघ दिसली. एवढीशी रेघ, भाताच्या तुसाएवढी. तिला बुबुळ नव्हतं, तरी ती कुठे बघतेय यात शंका नव्हती. माझ्या शेजारी एक वयस्कर जपानी बाई येऊन तशाच गुडघ्यांवर बसल्या. आम्ही एकमेकींशी बोललो नाही. त्यांनी हलकेच मान हलवली, मीही हलवली.

शेजारच्या कपाटात होरी र्‍यूजोंची एक बाहुली होती. त्यांचा जीव कापडात. कपड्याचा घोळ, त्याचं जमिनीवर लोळणं, जुन्या वस्त्राचा विटका रंग यांतून होरी बाहुलीतल्या बाईचं मन बाहेर आणतात. चेहऱ्यावर जवळजवळ काही घडत नाही. कानाझावाहून परतताना शिंकान्सेनमध्ये मी पूर्ण वेळ एकच गोष्ट घोळवत होते. सेन्सेईंनी सांगितलेलं "दिसायला लागला की थांब" हे नुसतं कोरणीपुरतं सांगणं नव्हतं.

याच्या अगदी उलट टोकाला योत्सुया सिमोन. जन्म १९४४. विशीत असताना, १९६५ साली, त्यांनी एका मासिकात हान्स बेल्मर या जर्मन कलावंताच्या बाहुलीचं छायाचित्र पाहिलं. सांध्यांत गोळे बसवलेली, कशीही वळवता येणारी. तोवर कापडी बाहुल्या करणाऱ्या त्या मुलाला उमगलं की बाहुली म्हणजे तिचे सांधे. १९७३ साली तोक्योच्या गिंझामध्ये त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, १९७८ साली त्यांनी शाळा काढली आणि तिथून पुढच्या पिढ्या घडल्या. त्यांच्या बाहुल्यांतले मुलगे-मुली समोर उभे राहून थेट बघतात. काचेचे डोळे टक्क उघडे. काहींच्या छातीत चक्रं आणि दांडे दिसतात. त्यांच्यासमोर मला अवघडायला होतं आणि मला वाटतं तसंच व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. एक गोष्ट मात्र मी सेन्सेईंना विचारून खात्री करून घेतली. ती कातडी कशाची? साच्यात जपानी कागद थरावर थर चिकटवून अंग केलेलं आणि त्यावर गोफुन. तीच कालवं, तोच सरस. बेल्मरचं चित्र बाहेरून आलं, पण अंगावर जे चढलं ते इवात्सुकीतल्या राणीच्या अंगावर चढतं तेच. 

ओकुदा सायुमे यांच्याबद्दल मला स्वतंत्रपणेच लिहायचं आहे, म्हणून इथे थोडक्यात. १९३६चा जन्म, हिरोशिमातल्या मियोशीजवळ वाढल्या आणि २०२० साली जपानचा संस्कृतीसाठीचा सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला. सुरुवातीची त्यांची कामं नुसती पांढरी. बाहुली आणि शिल्प यांच्यामधली रेघच त्यांनी गोफुनमध्ये बुडवून टाकली. टीव्हीवरच्या बाहुल्यांनी एका पिढीला वेड लावणारे त्सुजिमुरा जुसाबुरोही याच मियोशीत वाढलेले. डोंगरांनी वेढलेल्या एवढ्याशा गावाने इतकं द्यावं याचं मला नवल वाटतं. तिथे अजून जाणं झालेलं नाही.

माझी लेक मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळ्याच बाहुलीपाशी थांबते. वोक्स कंपनीने १९९९ साली आणलेली सुपर डॉल्फी. रेझिनची, गोल सांध्यांची, आतून रबरी दोरीने ताणून धरलेली. तिचं डोकं मागून उघडतं आणि डोळे आतून बदलता येतात. आज तपकिरी, उद्या करडे. ओठांचा आणि पापण्यांचा रंग पुसून पुन्हा देता येतो आणि कितीतरी जणी तो स्वतः देतात. आधी मला हे पटत नव्हतं. कारखान्यातून निघालेली वस्तू, तिचं कलेशी काय नातं? मग एका मुलीला तशा चेहऱ्यावर पापणीची रेघ ओढताना पाहिलं. विशी-बाविशीची असेल. तिने श्वास धरला. माझं म्हणणं मी तिथेच मागे घेतलं.

दुसरं डोकं करायला घेतलं तेव्हा सेन्सेईंनी काचेचे डोळे पुढे केले आणि मी नको म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण ती डबी लगेच मागे गेली. पूर्ण हिवाळा त्या डोक्यावर गेला. हवा कोरडी असली की गोफुन शहाण्यासारखं वागतं. अंग किमेकोमीचं केलं. त्यासाठी आजीच्या नऊवारीचा एक तुकडा मी पेणहून आणून ठेवला होता, अंजिरी रंगाची इरकली, काठ विरलेला. खाचेत कापड दाबताना जुनं सूत फाटेल असं वाटत होतं. फाटलं नाही. सेन्सेईंनी तो काठ बराच वेळ दोन बोटांत धरून पाहिला, तो कुठे विणला जातो ते विचारलं आणि इरकल हे नाव वहीत काताकाना लिपीत लिहून घेतलं.

डोळ्यांच्या दिवशी त्यांनी खोलीचा रेडिओ बंद केला. मी त्यांना पेणचं कधीच काही सांगितलं नव्हतं. ब्रश भिजवला, शाई कागदावर टिपली, श्वास धरला. डावी रेघ, मग उजवी. उजवी झाल्यावर डावीकडे परत पाहिलं तर ती टोकाला जराशी उचलली गेली होती. हात पुढे गेला. सेन्सेई काही म्हणाल्या नाहीत. मी ब्रश पाण्यात ठेवला.

गेल्या श्रावणात पेणला गेले तेव्हा बाहुली बरोबर नेली. चेहरा मऊ कागदात, अंग सुती फडक्यात, पेटीत दमट हवा लागू नये म्हणून पुड्या. तरी मला धाकधूक होती, कारण गोफुनला आपला पाऊस मानवण्यातला नाही. काका आता थकलेत. कारखाना मुलगा बघतो. आखणीला मात्र अजून त्यांनाच बसवतात, खुर्चीवर, पाठीला उशी देऊन. मी पेटी उघडली. त्यांनी हात पंच्याला पुसले, पण बाहुलीला हात लावला नाही. मलाच म्हणाले, "जरा उजेडाकडे धर. फिरव. हळू."

मी फिरवली.

"सरसातला रंग ना हा? आणि खाली काय, शंखजिरं?"

"कालवांची शिंपली, काका."

"कालवांची?" ते कितीतरी वेळ तिच्या गालाकडे बघत राहिले. बाहेर पाऊस वाढला तसा उजेड कमी झाला आणि तिचा चेहरा बदलला. त्यांनी ते पाहिलं. मग विचारलं, "आखणी कुणी केली?"

"मी."

"डावा डोळा जरा वर गेलाय."

"हो. सारखा करून घेऊ का?"

काकांनी मान हलवली. "नको," ते म्हणाले, "राहू दे. बघतेय ती."